गालाच्या आतलं पांढरं

काष्टीला आमचं गाद्यांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. दुकानात कापूस पिंजायचं मशीन सुरू झालं की मधलं दार लावून घ्यायचं, हा घरातला पहिला नियम. तरीही बारीक तंतू आत यायचेच. पाण्याच्या माठावर, उशीवर, वाळत घातलेल्या लंगोटांवर. माझी मुलगी जन्मली तेव्हा तिची झोळी मी मुद्दाम सगळ्यात मागच्या खोलीत बांधून घेतली होती.

घरात आम्ही दखनी बोलतो. पण माझं शिक्षण कर्जतला मराठी शाळेत झालं, कॉलेजही तिथेच, त्यामुळे लिहायला बसले की मराठीच येतं. खाली जी बोलणी आहेत ती म्हणूनच मराठीत उतरली आहेत.

घरात सासूबाई, थोरले दीर, जाऊ, माझा नवरा आणि मी. सासूबाईंना आम्ही अम्मा म्हणतो. जावेला मी भाभी म्हणायचे आणि ती मला छोटी. भाभीला पहिलाच मुलगा झाला होता, तो तेव्हा नुकता बसायला लागलेला. माझी मुलगी त्याच्यानंतरची. घरात मुलगा आणि मुलगी लागोपाठ आले म्हटल्यावर अम्मांनी एक गोष्ट मनात पक्की करून टाकली होती. आल्यागेल्यासमोर त्या दोघांना शेजारी निजवायच्या आणि म्हणायच्या, "बघा, माझी जोडी. पोरगी घरातच राहील." लोक हसायचे. भाभी हसायची. मीही हसायचे, पण मला ते आवडायचं नाही. काकाच्या घरी मुलगी देणं आमच्याकडे चालतं, त्यात नवल काही नाही. पण झोळीतल्या मुलीचं असं आत्ताच ठरवून टाकणं मनाला पटत नव्हतं. अम्मांना मात्र ते सांगायचं कसं, आणि कशासाठी? म्हणून गप्प राहायचे.

मुलगी दोन महिन्यांची झाली तेव्हा तिला मोठा खोकला झाला. छाती घरघरायला लागली, डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं, खोकला गेला. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिला अंघोळ घालताना ती जोरात रडली आणि तिची जीभ मला दिसली. पांढरी होती. दही सांडून वाळावं तशी.

"दूध आहे," अम्मा म्हणाल्या. "पाजल्यावर जीभ पुसत नाहीस का?"

पुसत नव्हते, हे खरं होतं. मग मी पुसायला लागले. मऊ मलमलीचं फडकं, कोमट पाणी, बोटाला गुंडाळून हळूच फिरवायचं. जिभेच्या टोकावरचं थोडं निघालं. बाकीचं तसंच. दुसऱ्या दिवशी खालच्या ओठाच्या आतही पांढरे ठिपके दिसले. तिचा गाल बोटाने जरा ओढून पाहिला तर आत मोठा चट्टा होता. दूध गालाच्या आत जाऊन चिकटून बसेल, तेही रोज त्याच जागी, हे काही मला पटेना.

नवऱ्याला दाखवलं. तो मशीनवरून उठून आला होता, केसांवर कापूस तसाच. वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"कापूस गेलाय तिच्या तोंडात," तो म्हणाला. "मी किती वेळा सांगितलं दार लावा म्हणून."

"दार लावलेलंच असतं."

"मग हे काय आहे? बघ ना, कापसासारखंच दिसतंय."

दिसत होतं खरं. तो हात धुऊन आला आणि करंगळीने गालातला तो चट्टा काढायला गेला. चट्टा निघेना. त्याने जरा जोर लावला, त्याचा एक कोपरा सुटला आणि खालून लालबुंद कातडी दिसली. रक्ताचा एक थेंब आला. मुलगी अशी किंचाळली की दुकानातून दीर धावत आले. नवरा हात मागे घेऊन उभाच राहिला. त्या दिवशी त्याने मशीन पुन्हा सुरू केलं नाही.

दुपारी आमच्या गल्लीतल्या एक मावशी गादी भरायला टाकायला आल्या. त्यांची शेती आहे, चार लेकरं त्यांनी वाढवलेली. मुलीचं रडणं ऐकून त्या आत आल्या.

"तोंड आलंय गं तिचं," त्या म्हणाल्या. "आमच्या थोरल्यालाबी असंच झाल्तं. टाकणखार तव्यावर फुलवायचा अन् मधात कालवून लावायचा. लई गुण हाय त्येला."

अम्मांना ते पटलं. त्यांच्या माहेरीही तेच करायचे म्हणे. टाकणखार वाण्याकडे मिळतोच, मध घरात होता. पण मला बाळंतपणाच्या दवाखान्यातून निघताना नर्सने सांगितलेलं आठवलं: वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, जिभेला लावायचासुद्धा नाही. मी तसं म्हटलं.

"आमची पोरं मधावरच वाढली," अम्मा म्हणाल्या.

"व्हय, आमची बी," मावशी म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून आवाज खाली आणला. "पर डाक्टरनी न्हाई म्हनलं आसंल तर नगं लावू बाई. दाखवून ये एकदा."

अम्मांनी मधाची बाटली परत ठेवली. त्या रागावल्या नव्हत्या, पण त्यांना लागलं होतं. थोडे दिवस वाट बघू, आपोआप जाईल, असं ठरलं. मीही मान डोलावली.

या सगळ्यात एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. मला पाजताना दुखत होतं. सुरुवातीच्या दिवसांत दुखतं, तसं नाही. ते दुखणं कधीच संपलं होतं आणि मधले दिवस छान गेले होते. हे नवीन होतं. तिने तोंड लावलं की सुया टोचल्यासारखं व्हायचं, आणि ती सुटल्यावरही आत खोलवर जळजळ राहायची. कातडी लाल, चकचकीत झाली होती, कपड्याचा स्पर्श सहन व्हायचा नाही. मला वाटलं, आईपण म्हणजे असंच असेल. आणि समजा सांगायचं म्हटलं, तरी कोणाला? नवऱ्याला सांगायची लाज वाटत होती. अम्मांना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, आम्हालाही दुखायचं.

मुलगी दोन घोट घ्यायची, तोंड सोडायची, रडायची. पुन्हा धरायची, पुन्हा सोडायची. तिला भूक होती आणि गिळताना दुखत होतं, हे आज कळतं. तेव्हा घरात असा अर्थ निघाला की मला दूध कमी पडतंय. अम्मांनी दीरांकडून बाटली आणवली. पावडरचं दूध सुरू झालं. बाटलीतूनही ती तसंच करायची, पण ते कोणी लक्षात घेतलं नाही.

लक्षात आलं ते भाभीच्या. बाजाराचा दिवस होता. दोघे भाऊ टेम्पोत गाद्या आणि उशा घालून बाजारात गेले होते, अम्मा शेजारी मयतीच्या घरी बसायला गेल्या होत्या. मी मागच्या खोलीत मुलीला पाजायला घेतलं आणि ओढणीचं टोक दातात धरलं. भाभी दारात उभी होती, मला माहीत नव्हतं.

"छोटी," ती म्हणाली, "तू रडतेयस का?"

"नाही."

"ओढणी काढ तोंडातून. दाखव मला."

मी नाही म्हटलं. ती आत आली, दार लोटलं, माझ्यासमोर बसली आणि तिथून हलेना. शेवटी मी दाखवलं. तिने तोंडावर हात ठेवला.

"आणि हे तू किती दिवस सहन करतेयस?"

मुलगी ओरडत होती. बाटली तिने सकाळपासून घेतली नव्हती. तिचा आवाज बसत चालला होता आणि त्याची मला जास्त भीती वाटत होती. मी तिला पुन्हा छातीशी घेतलं आणि या वेळी माझ्याच तोंडून ओरडणं निघालं.

भाभीने मुलीला माझ्या हातातून उचललं. भिंतीला टेकून बसली, कुडता वर केला आणि तिला पाजायला लागली.

मुलगी एकदा सुटली, रडली, मग धरून राहिली. भाभीला दूध भरपूर होतं, फार ओढावं लागत नव्हतं. मुलीच्या घशातून गिळल्याचा आवाज यायला लागला. तो आवाज मी त्या आठवड्यात पहिल्यांदा ऐकला. मी भिंतीकडे तोंड करून रडले.

तेवढ्यात अम्मा परत आल्या. दार उघडून आत पाहिलं आणि जागच्या जागी थांबल्या.

इथे एक सांगायला हवं. आमच्या धर्मात तान्ह्या बाळाला दुसऱ्या बाईने आपलं दूध पाजलं, तर ती त्याची दूधआई होते. तिची मुलं त्याची दूधभावंडं होतात, आणि दूधभावंडांचं लग्न होत नाही. सख्ख्या भावाबहिणींचं होत नाही, तसंच. अम्मांना हे माहीत होतं, भाभीला माहीत होतं, मलाही. दारात उभ्या राहून अम्मा काय बघत होत्या ते आम्हा तिघींना कळत होतं.

"हे काय केलंस?" अम्मा भाभीला म्हणाल्या.

"भुकेली होती, अम्मा."

"वाटीत काढून द्यायचं होतंस."

"तरी तेच झालं असतं. दूध ते दूधच."

अम्मा पलंगाच्या कडेला बसल्या. मुलगी पीत राहिली. मग भाभी मला म्हणाली, "दाखव अम्मांना." मी ओढणी बाजूला केली. अम्मांनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उठून बाहेर गेल्या. मला वाटलं, संपलं. पण त्या बाहेर जाऊन माझ्या नवऱ्याला फोन लावत होत्या. आतपर्यंत ऐकू येत होतं: "बाजाराचं भावाकडे सोपव आणि घरी ये. मोटरसायकल घे कोणाची तरी. दोघींना डॉक्टरकडे न्यायचंय. हो, दोघींना. आई आणि पोरगी."

श्रीगोंद्याला लहान मुलांच्या एक डॉक्टरबाई आहेत, तिथे गेलो. त्यांनी मुलीला माझ्या मांडीवरच आडवं धरायला सांगितलं, बॅटरी लावली आणि लाकडी पट्टीने जीभ, गाल, हिरड्या, टाळू सगळं पाहिलं. मग तिचा लंगोट सोडला. मांड्यांच्या सांध्यात लाल पुरळ होतं. मी ते घामोळं समजून पावडर लावत होते.

"बुरशी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तोंडातही आणि इथेही. लहान बाळांना होते. मध्ये अँटिबायोटिक दिलं होतं का?"

हो म्हणालो.

"त्यानेही होते कधी कधी. घाबरण्यासारखं काही नाही."

नवऱ्याने विचारलं, "कापूस नाही ना? आमचा गाद्यांचा धंदा आहे."

त्या हसल्या नाहीत, हे मला बरं वाटलं. "नाही. कापूस असता तर निघाला असता. दूधही पुसलं की निघतं, आणि ते बहुतेक जिभेवरच असतं. हे गालाच्या आत, हिरड्यांवर, ओठांच्या आत चिकटून बसतं, आणि ओढलं तर खालून लाल होतं, रक्त येतं. म्हणून ओढायचं नाही."

नवऱ्याने खाली पाहिलं.

मग त्यांनी मला विचारलं, "आणि तुम्हाला? पाजताना दुखतं?"

नवरा शेजारच्या खुर्चीवर होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तो भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहत होता. मी हो म्हणाले. डॉक्टरबाईंनी मला पडद्यामागे नेऊन तपासलं आणि बाहेर येऊन दोघांनाही ऐकू जाईल असं सांगितलं: बाळाच्या तोंडातून आईला झालंय. एकीलाच औषध दिलं तर ती बरी होईल आणि दुसरीकडून पुन्हा घेईल. औषध दोघींना, एकाच वेळी.

मुलीला थेंब दिले. दूध पाजून झाल्यावर ते तोंडात सगळीकडे लावायचे, दोन्ही गालांना, जिभेला, हिरड्यांना. पाजण्याआधी लावले तर दुधाबरोबर धुऊन जातात. पांढरं दिसायचं थांबलं तरी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे, लोक मध्येच सोडतात आणि परत येतात. मला मलम, तेही पाजून झाल्यावर, आणि पुढच्या वेळी पाजण्याआधी ओल्या स्वच्छ फडक्याने टिपून घ्यायचं. लंगोटाच्या जागेसाठी वेगळं मलम. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. फारच दुखलं तर काढून ताजंच वाटी-चमच्याने द्यायचं, साठवून ठेवायचं नाही. बाटली शक्यतो बंद, आणि तोपर्यंत बाटलीचं निपल रोज उकळून घ्यायचं.

"दूध पिणं फार कमी झालं, लघवी कमी झाली, ताप आला तर लगेच आणा," त्या म्हणाल्या. "आणि औषधाने गेलं नाही, किंवा परत परत येत राहिलं, तर मग तपासण्या करू. घरात आणखी लहान मूल आहे का?"

मी भाभीचं सांगितलं. त्या दुपारचंही सांगितलं.

डॉक्टरबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. "मग त्या दोघांकडेही लक्ष ठेवा. म्हणजे त्यांच्या मुलाच्या तोंडाकडे, आणि जाऊबाईंना दुखायला लागतं का तिकडे."

परत येताना नवऱ्याने रस्त्याच्या कडेला एका उसाच्या रसवंतीपाशी गाडी थांबवली. मुलगी माझ्या खांद्यावर झोपली होती.

"मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"काय सांगायचं होतं?"

"दुखतं म्हणून."

"तू काय केलं असतंस?"

त्याने विचार केला. "आज केलं तेच. फक्त आधी."

घरी आल्यावर औषधाचं काम अम्मांनी स्वतःकडे घेतलं, हे मला अनपेक्षित होतं. मी पाजायचे, अम्मा हात धुऊन थेंब घेऊन बसायच्या. मुलगी तोंड वाकडं करायची, त्या तिच्याशी बोलत बोलत गालात औषध लावायच्या. मी विसरले तरी त्या विसरायच्या नाहीत. बाटलीचं निपल त्यांनी एकदा उकळलं, मग दोन-तीन दिवसांनी बाटली फेकूनच दिली. माझे आतले कपडे रोज गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात घालायला त्यांनी सांगितलं. पूर्वी मी ते खोलीतच कुठेतरी दोरीवर टाकायचे. अम्मांनी गच्चीत एका बाजूला दोरी बांधून दिली आणि पुढे चादर टाकली.

मुलांच्या लग्नाबद्दल अम्मा काही बोलत नव्हत्या. पण एका शुक्रवारी नमाजानंतर त्यांनी दीरांना मशिदीतल्या मौलानांकडे विचारायला पाठवलं, हे मला भाभीकडून कळलं. मौलानांनी सांगितलं, पाजलं ते पाजलं. नातं झालं. संध्याकाळी भाकरी करताना अम्मा आम्हा दोघींना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पोरगी उपाशी राहिली असती तर कसली जोडी आणि कसलं काय." एवढंच. त्यानंतर आल्यागेल्यासमोर त्या मुलांना शेजारी निजवायच्या, पण सांगायच्या वेगळं: "हा तिचा भाऊ."

भाभीच्या मुलाच्या गालात पांढरं दिसलं ते याच सुमारास. आता घरात सगळ्यांना काय बघायचं ते माहीत होतं, त्यामुळे नुसता ठिपका असतानाच सापडलं. भाभीलाही एका बाजूला जळजळ सुरू झाली होती. मला फार वाईट वाटलं. माझ्यामुळे झालं, असं मी तिला म्हणाले.

"तुझ्यामुळे नाही, तुझ्या पोरीमुळे," ती म्हणाली. "मोठी झाल्यावर भांडेन तिच्याशी."

पुढच्या वेळी आम्ही दोघी दोन मुलांना घेऊन टेम्पोतून श्रीगोंद्याला गेलो. डॉक्टरबाईंनी चौघांना तपासलं. माझ्या मुलीचे गाल स्वच्छ झाले होते, जिभेच्या मागे थोडं उरलं होतं. माझी जळजळ जवळजवळ गेली होती. भाभीला आणि तिच्या मुलाला औषध सुरू झालं. मुलगा दात येण्याच्या वयातला, हाताला लागेल ते तोंडात घालायचा, त्यामुळे त्याची खेळणी धुण्याचं काम नवीन वाढलं. नवऱ्याने ते घेतलं. दुकान बंद झालं की बादली घेऊन बसायचा.

काही आठवड्यांत घरातलं सगळं पांढरं गेलं. मुलगी भरल्या पोटी झोपायला लागली आणि तिचे गाल वर आले.

एकदा मी भाभीला विचारलं. दोघी गच्चीत मिरच्या वाळत घालत होतो. "त्या दिवशी तू पाजायला घेतलंस, तेव्हा लग्नाचं तुझ्या मनात आलं होतं का?"

"आलं होतं," ती म्हणाली. मिरच्या पसरत राहिली. "घेतल्यावर आलं. मग म्हटलं, बरंच झालं."

"तुलाही नको होतं?"

"मला तुझ्याशी जावेचं नातं पुरे आहे. विहीणबाई कशाला आणखी?"

मी इतकी हसले की खालून अम्मांनी काय झालं म्हणून विचारलं. आम्ही सांगितलं नाही.

आता दोघं शाळेत जातात. मुलगी भाभीला बडी अम्मी म्हणते. भाभीचा मुलगा तिच्या दप्तराचं ओझं घेत नाही, उलट आपलं तिच्याकडे देतो.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला कर्जतला मुलगा झाला. महिन्याभराने तिने मला मोबाईलवर बाळाच्या जिभेचा फोटो पाठवला आणि विचारलं, तुझ्या मुलीला झालं होतं तेच आहे का, कारण तिलाही पाजताना दुखत होतं. फोटोत जीभ पांढरी दिसत होती. मी म्हटलं, फोटोवरून मला सांगता येणार नाही, गालाच्या आत बघ, ओढू नकोस, आणि दवाखान्यात जा. ती घाबरली होती, म्हणून मी आणि भाभी दोघी एसटीने कर्जतला गेलो आणि तिच्याबरोबर दवाखान्यात बसलो. तिथल्या डॉक्टरांनी पाहिलं. बुरशी नव्हती. ते दूधच होतं. दुखत होतं ते बाळ नीट धरत नव्हतं म्हणून, नुसतं टोक तोंडात घेऊन ओढत होतं. नर्सने बहिणीला बाळाचं डोकं आणि पाठ एका रेषेत कशी ठेवायची, तोंड मोठं उघडलं की मगच कसं जवळ घ्यायचं, ते दाखवलं. घरी आल्यावर बहीण ते विसरली. भाभी तिच्याजवळ बसली, तिच्या पाठीमागे उशी लावली आणि बाळाचा गाल तिच्याकडे वळवला. दोनदा जमलं नाही. तिसऱ्यांदा बाळाने नीट धरलं आणि प्यायला लागलं. बहीण उशीला टेकली आणि म्हणाली, आता कोणीतरी मला चहा द्या.